शाळेचा सांगावा

दसऱ्याचें सोनें लुटून झालें, दिवाळीचे चार दिवस सरले, कीं बीड जिल्ह्यांतील कित्येक खेडीं ओस पडूं लागतात. वेशीपाशीं मालमोटारी आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. त्यांत भांडींकुंडीं चढतात, ज्वारीचें पोतें चढतें, कोंबड्यांचें डालें चढतें, आणि त्या पसाऱ्यावर लेंकुरवाळ्या बाया व मुलें बसतात. ही मंडळी पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या जिल्ह्यांत व पुढें कर्नाटकांतहि ऊस तोडावयास जाते. ती परतते ती उन्हाळा लागल्यावर.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गांवच्या प्राथमिक शाळेंत गुरुजी हजेरीपट उघडतात. काल ज्या नांवाला ‘हजर’ असें उत्तर आलें होतें, त्या नांवाला आज उत्तर येत नाहीं. गुरुजी त्या रकान्यांत गैरहजेरीची खूण करितात आणि पुढचें नांव घेतात. महिन्याच्या अखेरीस ती खूण बेरजेंत मिसळून तालुक्याच्या कचेरींत जाते. पण ज्या आईबापांनीं त्या मुलास गाडींत बसविलें, त्यांना निघण्यापूर्वीं शाळेनें काय सांगितलें होतें? आपलें मूल वर्गांत काय शिकतें, कोठें अडतें, आणखी चार महिने राहिलें तर कोठवर जाईल, हें त्यांच्या कानांवर कोणी घातलें होतें काय? ह्या प्रश्नाचा इतिहास आजच्या भाषणांत थोडक्यांत सांगावयाचा आहे.

श्रोतेहो, शाळेची खबर दोन वाटांनीं जात असते. एक वाट वर जाते: शिक्षकाकडून तपासणीस अधिकाऱ्याकडे, तेथून जिल्ह्याकडे, तेथून राजधानीकडे. दुसरी वाट घराकडे जाते, आणि ती बहुधा गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे लांब नसते. नवल असें कीं, राज्यें बदललीं, कायदे बदलले, तसतशी पहिली वाट रुंद आणि पक्की होत गेली. दुसरी मात्र पायवाटच राहिली, आणि ज्या पायवाटेवरून कोणी चालत नाहीं ती गवताखालीं बुजून जाते.

प्रथम जुन्या पंतोजींच्या शाळेकडे वळूं. ती कोठें देवळाच्या ओवरींत भरे, कोठें सुखवस्तु गृहस्थाच्या पडवींत. धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मग बाराखड्या, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी. पुढें मोडी वाचन आणि हिशेब. इतका अभ्यास झाला म्हणजे मुलगा शहाणा झाला असें समजत. ह्या शाळेंतून घरीं कधीं चिठ्ठी गेली नाहीं, आणि तशी जरुरहि नव्हती. दिवेलागण झाली कीं मुलें ओसरीवर बसून मोठ्यानें परवचा म्हणत. काल सातापर्यंत पाढे येत होते, आज नवापर्यंत आले, हें सोप्यावर बसलेल्या आजोबांना आपोआप कळे. मुलगा चुकला तर आंतून आजी ती चूक दुरुस्त करी, कारण ऐकून ऐकून तिलाहि ते पाठ झालेले असत. पंतोजींचें वेतन पुष्कळदां धान्याच्या रूपानें येई, सणावारीं शिधा येई; तो आणावयास पंतोजी स्वतः दारीं येत आणि उंबऱ्याशीं उभें राहून चार शब्द बोलत. शाळा काय करते हें घराला ऐकूं येत होतें, म्हणून निराळें सांगावें लागत नव्हतें.

परंतु ह्या चित्राला भुलून चालणार नाहीं. ज्या घराशीं पंतोजींचें इतकें बोलणें होई तें घर कोणाचें होतें? ज्यांच्या कणगींत धान्य होतें त्यांचें. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस ती ओवरी बंद होती; मुलींस बहुतेक ठिकाणीं तिचें दार दिसलेंच नाहीं. आंत बसलेल्यांच्या पाठीवर छडीचे वळ उठत, आणि बाप तें पाहून मास्तरांस आणखी उत्तेजनच देई. घर आणि शाळा ह्यांचा जिव्हाळा होता खरा, पण तो थोड्या घरांपुरता होता.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत संस्थानांत फारसीच्या जागीं उर्दू ही दरबारची भाषा झाली, आणि हळूहळू शाळाखात्याची सारी परिभाषा तीच झाली. प्राथमिक शाळा म्हणजे मदरसा तहतानिया, मधली शाळा वस्तानिया, वरची फौकानिया. मास्तर तो मुदर्रिस, आणि त्याची तपासणी करणारा तो मोहतमीम तालीमात. खालच्या वर्गांतून मराठी शिकवीत; पण मूल जसजसें वर चढे तसतशी मराठी मागें पडे आणि उर्दू पुढें येई. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमानें सुरू झालें. उच्च शिक्षण देशी भाषेंतून देण्याचा तो प्रयोग त्या काळीं धाडसाचा होता, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु मराठी, तेलुगु आणि कानडी घरांना ती देशी भाषा आपली वाटत नव्हती.

ह्याचा आपल्या विषयाशीं संबंध असा. बीड शहरांतील उर्दू बोलणाऱ्या घरांत मुलानें धडा वाचला तर तो आईला कळे. परंतु केजच्या किंवा पाटोद्याच्या कुणब्याच्या घरीं तोच धडा म्हणजे नुसता आवाज होता. परवचा ऐकून मुलाची प्रगति ओळखणारा आजोबा आतां मुका झाला. मुलगा खरोखर वाचतो आहे कीं पाठ केलेलें बडबडतो आहे, हें त्याला समजेना. शाळेचें काम घराला ऐकूं येईनासें झालें, आणि जें पूर्वीं आपोआप कळत होतें तें मुद्दाम सांगण्याची तजवीज मात्र कोणी केली नाहीं. मोहतमीम साहेब कधीं येणार ह्याची बातमी मुदर्रिसास आठ दिवस आधीं लागे, भिंती सारवल्या जात, मुलांस स्वच्छ टोप्या घालून यावयास सांगत. पण त्या तपासणींत काय आढळलें तें मुलाच्या बापाला कोण सांगणार?

ह्याच काळांत जिल्ह्याच्या दक्षिणेस, तेव्हां मोमिनाबाद म्हणविणाऱ्या अंबाजोगाईंत, एक निराळा प्रयत्न चालू होता. योगेश्वरी देवीचें हें गांव. आद्यकवि मुकुंदराजांची समाधि येथेंच दाखवितात, आणि दासोपंतांनीं आपलें प्रचंड लेखन येथेंच केलें. अशा गांवीं १९१७ सालीं योगेश्वरी शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली गेली. खासगी शाळा चालविणें त्या वेळीं संस्थानांत सोपें नव्हतें. शाळा उघडण्यास परवानगीचे नियम आड येत. सार्वजनिक सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ ह्या नांवानें कुप्रसिद्ध झालेला हुकूम आड येई. अशा शाळेला सरकारी तिजोरीचा भरंवसा नसे. गांवानें मूल पाठविलें तरच वर्ग भरावयाचा, गांवानें हात दिला तरच छप्पर टिकावयाचें. तेव्हां शाळेंत काय चाललें आहे हें गांवाला पटवून देणें हा तेथें सौजन्याचा भाग नसून तगण्याचा भाग होता.

१९३५ सालीं ह्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून स्वामी रामानंद तीर्थ आले. पूर्वाश्रमीं त्यांचें नांव व्यंकटेश खेडगीकर. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत त्यांनीं अनेक वर्षें शिकविलें होतें, आणि १९३२ सालीं संन्यास घेतला होता. १९३८ सालीं शाळा सोडून ते संस्थानच्या मुक्तिलढ्यांत उतरले व पुढें त्याचे नेते झाले. तीन वर्षांची ही कारकीर्द वर्षांनीं लहान आहे. तरी हिप्परगें आणि अंबाजोगाई येथें शिक्षक म्हणून मराठवाड्यांतील माणसाशीं जडलेली ओळख त्यांना पुढें उपयोगी पडली असेल, असें समजावयास हरकत नाहीं. ज्या मास्तराला घरोघर ओळखतात, त्याचा शब्द संकटकाळींहि ऐकला जातो.

शिक्षकानें घराशीं बोललें पाहिजे, हा विचार महाराष्ट्रांत अर्थातच त्याहून जुना आहे. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतून निवडावे, प्रसंगीं नांगर किंवा सुताराची वाकस हातीं धरण्यास त्यांना कमीपणा वाटूं नये, आणि खालच्या मानल्या गेलेल्या लोकांत त्यांनीं मोकळेपणानें मिसळावें, असें मागितलें आहे. ज्याला आपल्याशीं बोलावयास संकोच वाटतो त्या मास्तराच्या हवालीं शेतकरी आपलें मूल मनापासून करीत नाहीं, हें त्या द्रष्ट्या पुरुषानें ओळखलें होतें. पुढें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत ताराबाई मोडक ह्यांनीं मराठींतून ‘शिक्षणपत्रिका’ चालविली. बालशिक्षणाच्या गोष्टी शिक्षकांप्रमाणेंच आईबापांनाहि समजाव्या हा तिचा हेतु होता. पण ती पत्रिका वाचावयास आधीं वाचतां यावें लागे. म्हणून १९४५ नंतर बोर्डीस, आणि पुढें कोसबाडास, ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनीं दुसरा मार्ग धरला. मूल शाळेंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणांत न्यावी. तें गुरें राखीत असेल तर कुरणांत न्यावी. अंगणांत भरणारी शाळा आईला चुलीपासून दिसते. तिला निराळें प्रगतिपत्रक कशाला हवें?

आतां पुन्हां बीडकडे येऊं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५२ सालीं हैदराबाद राज्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. शाळा वाडी-तांड्यापर्यंत पोंचली, मराठी पुन्हां वर्गाची भाषा झाली, आणि जीं घरें पंतोजींच्या ओवरीबाहेर होतीं त्यांचीं मुलें आंत येऊन बसलीं. हें ऐतिहासिक कार्य लहान नव्हे.

गांवांत गुरुजी हे पुष्कळदां एकटेच लिहितेवाचते असत. कोणाची मनीऑर्डर आली, गुरुजींनीं वाचून दाखवावी; कोणाला सासरीं पत्र धाडावयाचें, गुरुजींनीं लिहावें; कोर्टाची नोटीस आली तरी गुरुजींकडेच धांव. साऱ्या गांवाचीं पत्रें वाचणारा हा माणूस. पण त्याच्या स्वतःच्या शाळेंतून घरीं जाणारा कागद म्हणजे वर्षाकांठीं जाणारें प्रगतिपत्रक. त्यावर विषयांचे रकाने, रकान्यांत आंकडे, आणि खालीं पालकाच्या सहीची जागा. बाप निरक्षर असे. तो शाईंत अंगठा बुडवी आणि सहीच्या जागीं उठवी. आपण कशावर अंगठा केला हें त्याला माहीत नसे, आणि अंगठा मिळाला म्हणून शाळेचें काम पुरें झालें असें समजत. सावकाराच्या कागदावर ज्या हातानें न वाचतां अंगठा केला, त्याच हातानें तो शाळेच्याहि कागदावर केला. त्याला दोहोंत फरक कसा वाटावा?

ह्या दुराव्याची खरी किंमत ऊसतोडीनें दाखविली. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठीं लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढें पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची मालिकाच लागली. उसाला पाणी तिकडे होतें. तोडणारे हात इकडे बालाघाटाच्या कोरड्या माळावर होते. १९७२ च्या दुष्काळानें तर शेतकऱ्याची उरलीसुरली उमेद खचविली. मुकादमानें हंगामाआधीं उचल द्यावी आणि ती फेडण्यासाठीं जोडप्यानें फडावर जावें, ही रीत पडली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांनीं ऊस तोडावा, तिनें मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहाव्या. मग खोपींतल्या तान्ह्याकडे कोण पाहणार? थोरली मुलगी. तिसरी-चौथींत शिकणारी ती मुलगी पाटी ठेवून धाकट्या भावाला कडेवर घेते, आणि परत येते तेव्हां वार्षिक परीक्षा होऊन गेलेली असते.

ह्यावर सरकारनें व संस्थांनीं उपाय केले नाहींत असें नाहीं. कारखान्याच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. गांवींच राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं, म्हणजे आजी-आजोबांच्या आसऱ्यानें मुलानें मागें राहावें आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोय व्हावी. स्थलांतर करणाऱ्या मुलास दुसऱ्या गांवच्या शाळेनें बिनतक्रार बसवून घ्यावें म्हणून शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धति आली. आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें एक विशेष गोष्ट केली. त्याच्या २४ व्या कलमांत शिक्षकाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत आईबापांच्या नियमित सभा घेणें आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत व त्यानें केलेली प्रगति ह्यांची माहिती त्यांना देणें, हें एक कर्तव्य आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असेंहि त्याच कायद्यानें ठरविलें. घराकडे जाणारी जी पायवाट शंभर वर्षें कोणाच्या नकाशावर नव्हती ती प्रथमच कायद्याच्या नकाशावर आली.

पण नकाशावर आलेली वाट पायाखालीं आलीच असें होत नाहीं. पालकांची सभा महिन्याच्या एखाद्या दुपारीं बोलवावी आणि ज्यांच्यासाठीं बोलवावी ते शिवारांत किंवा फडावर असावे. मग आलेल्या चौघांच्या सह्या घेऊन वृत्तांत वर पाठवावा. असें झालें म्हणजे घराकडची वाटहि वळून पुन्हां वरच्याच वाटेला मिळते.

म्हणून वेळ कोणती आणि बोलावयाचें काय, हें पाहणें अगत्याचें आहे. मुलीला बरोबर न्यावें कीं मागें ठेवावें, हा निर्णय त्या घरांत कधीं होतो? उचल घेतल्यानंतर आणि गाडी येण्याच्या आधीं, एखाद्या रात्रीं जेवणें झाल्यावर. एका पारड्यांत तान्ह्याची निगा असते, म्हाताऱ्या सासूचा अशक्तपणा असतो, वाढत्या मुलीला मागें ठेवण्याची धास्ती असते. हीं सारीं खरीं वजनें आहेत; शहरांतल्या माणसानें त्यांस हंसूं नये. दुसऱ्या पारड्यांत शाळा असते. त्या पारड्यांत काय आहे हें आईबापांस ठाऊकच नसेल तर तें वर उचललें जाणारच. ‘मुलीला शिकवा’ हा उपदेश त्या पारड्यांत पडत नाहीं. तो त्यांनीं फार वेळां ऐकला आहे. पण भाद्रपदांत केव्हां तरी गुरुजी किंवा बाई त्या घरीं गेल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, पोर आतां जोडाक्षरें वाचते. वजाबाकींत हातच्याशीं अडते आहे, तेवढें संक्रांतीपर्यंत सुटेल. काल तिनें वर्गांत उभें राहून गोष्ट वाचली, पोरें ऐकत बसलीं,’ तर त्या रात्रीं आईला घालवावयाचें कांहीं तरी हातीं असतें. आपलें काय बुडेल हें कळल्यावांचून कोणी तें वांचवावयास धडपडत नाहीं.

एवढें सांगूनहि कित्येक आया मुलीला घेऊनच जातील. गरज बोलण्यानें भागत नाहीं, आणि गुरुजींच्या शब्दानें उचल फिटत नाहीं. पण मुलगी गेली तरी सांगावा थांबावयास नको. आज फडावरच्या खोपींतहि मोबाइल पोंचला आहे. २०२० सालीं महामारीमुळें देशभर शाळा बंद पडल्या, तेव्हां मुलांशीं आणि घरांशीं नातें राखावयाचें तर शिक्षकांस ह्याच साधनाचा आधार घ्यावा लागला. आठवड्यांतून एकदां गुरुजींचा आवाज त्या खोपींत आला, मुलीनें दोन ओळी वाचून दाखविल्या, आणि तें पाचटावर बसलेल्या बापानें ऐकलें, तर जुन्या ओसरीवरचा परवचा पुन्हां सुरू झाला म्हणावयाचा. आणि ह्या वेळीं तो ज्या घरांतून कधीं उमटला नव्हता त्या घरांतून उमटेल.

आपण शहरांतले पालक प्रगतिपत्रक वाचतों, त्यावर सही करतों, प्रसंगीं वर्गशिक्षकांशीं वादहि घालतों. शाळेनें आपल्याला सांगितलें पाहिजे हें आपण गृहीत धरलें आहे. ज्या घरचा कोयता आपल्या चहांतली साखर तोडून धाडतो, त्या घरालाहि तोच अधिकार आहे, आणि आतां तो कायद्यानें मान्य केला आहे. तो प्रत्यक्षांत आणावयास मोठी इमारत लागत नाहीं. दसऱ्याच्या आधीं एका संध्याकाळीं मास्तरांनीं गल्लीच्या टोंकापर्यंत चालत जावें, उंबऱ्यावर बसावें, आणि मुलीच्या आईला तिच्या मुलीविषयीं एक नेमकी गोष्ट सांगावी, इतकें पुष्कळ आहे.